फुले ताटात ठेवावीत

"मूर्तीस स्पर्श करू नये. फुले समोरील ताटात ठेवावीत. आदेशावरून."

ही पाटी मी आमच्या विहारात पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी माझ्या सख्ख्या भावाला नालायक म्हटलं. लिफ्टमध्ये, शेजाऱ्यांच्या देखत. शेजारी खाली मान घालून मोबाइल बघत राहिले आणि भाऊ म्हणाला, "ताई, आवाज." आवाज! गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या बाईला हा आवाज कमी करायला सांगतो. आणि आदेशावरून म्हणजे कुणाच्या आदेशावरून रे? बुद्धाच्या? त्यानं उभ्या आयुष्यात कुणाला हुकूम सोडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

राग आला की मी आधी बोलते आणि मग विचार करते, असं घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. या बाबतीत मी नंतर पुष्कळ विचार केला आणि माझं मत तेच राहिलं.

करी रोडला जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहेत. एक विकत घेणाऱ्यांचा, काचांचा, आणि त्याच्या मागे एक आमचा, चाळकऱ्यांचा. आमच्यातल्या सातव्या मजल्यावर मी आणि आई राहतो. मी सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. आई ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण जीभ आणि डोकं शाबूत. ती परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. वडील गिरणीत होते, ते जाऊन आता जमाना झाला. धाकटा भाऊ शिकला, मोठ्या कंपनीत लागला, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहतो आणि विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी झाल्यापासून तो घरातसुद्धा मुद्देसूद बोलतो.

चाळीतला विहार म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दार रस्त्याकडे, खिडकी मोरीकडे. आत एक चौथरा, चौथऱ्यावर निळं कापड आणि त्यावर आमचा बुद्ध. प्लास्टरचा, बसलेला, लहान मुलाएवढ्या उंचीचा. वडील आणि त्यांच्या खात्यातले दोघेतिघे लालबागला एका गणपतीच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या मूर्तिकाराला म्हणाले, आम्हाला बुद्ध करून द्या. मूर्तिकार भला माणूस. त्यानं एक कॅलेंडर समोर ठेवलं आणि केला. पण जन्मभर गणपती केलेला हात. त्यामुळे बुद्धाचं पोट किंचित सुटलेलं, बोटं गुबगुबीत, आणि डोळे... डोळे टक्क उघडे! मूर्तीचं सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी डोळे रंगवतात, त्याला आखणी म्हणतात. त्या आखणीच्या वेळी मूर्तिकार म्हणाला म्हणे, मिटलेले डोळे मी आयुष्यात रंगवले नाहीत, हात वळत नाही. काहींना ते पटलं नाही, ध्यानातला बुद्ध असा टकामका बघतो का, म्हणाले. वडील म्हणाले, "राहू दे. एवढी बिऱ्हाडं आहेत इथं, कुणीतरी डोळे उघडे ठेवून बघायलाच पाहिजे."

तर असा तो बघणारा बुद्ध. आम्ही पोरं परीक्षेत नापास झालो की त्याच्या समोरून जाताना मान वळवून जायचो. चाळीतला एक दारूबाज काका तर त्या दारावरून कधी गेला नाही, मागच्या गल्लीनं वळसा घालून घरी यायचा.

आमच्यात नारळ फुटत नाही, नवस नाही, प्रसाद नाही, पुजारी तर नाहीच नाही. बुद्ध काही देतो म्हणून त्याला काही वाहायचं, असा हिशोबच नाही. फूल, मेणबत्ती, अगरबत्ती, एका पेल्यात पाणी, बस्स. आणि हे ज्याला वाटेल त्यानं करायचं. जो आधी येईल त्यानं मेणबत्ती लावायची, ज्याला वंदना येते त्यानं म्हणायची, ज्याला येत नाही त्यानं मागोमाग म्हणायची. विधवा बाईनं पहिलं फूल वाहिलं तरी कुणाच्या कपाळाला आठी पडायची नाही. मला आठवतं, बाजूच्या चाळीतली माझी एक मैत्रीण हे बघून चाट पडली होती. तिच्या आजीला तिच्याच घरच्या पूजेत कोपऱ्यात बसवायचे.

आईची ड्यूटी सकाळची असायची. हॉस्पिटलच्या आवारात तगरीची झाडं होती. ती आदल्या दिवशी घरी येताना कळ्या खुडून पदरात बांधून आणायची, रात्री वाटीत पाण्यात ठेवायची, सकाळी त्या उमललेल्या असायच्या. मग आंघोळ करून खाली. पाच-सहा फुलं बुद्धाच्या पायांवर, म्हणजे मांडी घातलेल्या पायांच्या उलट्या तळव्यावर, एकेक करून नीट ठेवायची. ओतायची नाही हं, ठेवायची. पेशंटला गोळी द्यावी तशी, हातात नीट पोचली की नाही ते बघून. मग तळव्यावर दोन बोटं टेकवायची, ती आपल्या कपाळाला लावायची आणि ड्यूटीला पळायची. निवृत्त झाल्यावर पळणं थांबलं, बाकी सगळं तेच. तिच्या त्या दोन बोटांनी मूर्तीच्या तळव्यावरचा रंग उडाला होता. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी पुरुषमंडळी रंग द्यायची आणि वर्षभरात आई तो परत घालवायची. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती फुलं घेऊन खाली गेली होती. कुणीतरी म्हणालं, आज राहू दे. ती म्हणाली, "आज तर गेलंच पाहिजे."

मग चाळ पडली. आम्ही सगळे संक्रमण शिबिरात अँटॉप हिलला गेलो आणि मूर्ती आमच्यातल्याच एकाच्या घरी गेली. आई तिथे रोज जायची. त्या घरातली सून कटकट न करता दार उघडायची, तिचं भलं होवो. टॉवर उभा राहिला आणि बिल्डरनं कबूल केल्याप्रमाणे विहाराला पार्किंगशेजारी हॉल दिला. आधीच्या खोलीच्या चौपट मोठा. ग्रॅनाइटची फरशी, एसी, छतात लपवलेले दिवे. आम्ही सगळ्या बायका बघायला गेलो तेव्हा डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

आणि मग कमिटीला शहाणपण सुचलं. एवढ्या चकाचक हॉलमध्ये तो रंग उडालेला, पोट सुटलेला, डोळे वटारलेला प्लास्टरचा बुद्ध बरा दिसत नाही म्हणे! भावाच्या कंपनीतल्या ओळखीनं परदेशातून संगमरवरी मूर्ती आली. शुभ्र, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. मूर्ती सुंदर आहे. तिच्यावर माझा राग नाही. राग पुढच्या प्रकारावर आहे. संगमरवराला डाग पडतात, म्हणून मूर्तीच्या चारी बाजूंनी काच. काचेला सरकतं दार, दाराला कुलूप. काचेच्या पुढे पितळेचे खांब आणि त्यांना लाल जाड दोरी, मोठ्या हॉटेलात असते तशी. दोरीच्या अलीकडे स्टूल, स्टुलावर स्टीलचं ताट आणि वर ती पाटी.

मेणबत्ती लावली तर छतातला धुराचा भोंगा वाजतो, म्हणून बॅटरीच्या मेणबत्त्या. पेटलेल्या दिसतात, हलतातसुद्धा. उद्घाटनाच्या दिवशी आईनं एक हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"ही विझते कधी?" तिनं भावाला विचारलं.

"विझत नाही आई. सहा महिन्यांनी बॅटरी बदलायची फक्त."

"मग लावायची कशाला?" आई म्हणाली आणि जागेवर ठेवून दिली.

त्या दिवशी पाहुणे होते, भाषणं होती, म्हणून गर्दीत तिला पुढे जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तगरीची फुलं घेऊन खाली गेली. गुडघ्यांमुळे एकटी सोडत नाही, म्हणून मी बरोबर. भाऊ तिथेच होता, कुणाला तरी दिव्यांची बटणं समजावून देत होता. आई दोरीपाशी थांबली. दोरी कशी ओलांडायची ते तिला कळेना. भाऊ धावत आला.

"आई, फुलं ताटात ठेव. दुपारी सेवक येतो, तो काच उघडून सगळी आत ठेवतो. सगळ्यांची."

"आणि मी?"

"तू इथून हात जोड ना. सगळे इथूनच जोडतात. सगळ्यांना एकच नियम आहे, आई. अध्यक्षांनासुद्धा."

आईनं ताटाकडे बघितलं. त्यात दोन गुलाब आणि एक प्लॅस्टिकची पिशवी गाठ न सोडता तशीच ठेवलेली होती. तिनं आपली फुलं परत पदरात घेतली.

"जुनी कुठंय?"

"व्यवस्थित ठेवलीय," भाऊ म्हणाला आणि परत बटणांकडे गेला.

लिफ्टमधला माझा तो नालायक शब्द याच सकाळचा. घरी आल्यावर आईनं फुलं वाटीत पाण्यात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ती वाटी टेबलावर होती. मी भांडले, भावाशी, वहिनीशी, फोनवर अध्यक्षांशीसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आपल्या लोकांना शिस्त कधी लागणार?" आपल्या लोकांना! मी म्हटलं, आपले लोक म्हणजे तुम्ही सोडून बाकीचे का? त्यांनी फोन ठेवला. आई मात्र त्यानंतर खाली गेली नाही. रोज आंघोळ करून खिडकीपाशी बसायची. फुलं आणायची की नको, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कुणासाठी?" ज्या बाईनं नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही खाडा केला नाही, ती घरात बसली. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले वय आहे. वय कालपरवा वाढलं का हो? पण डॉक्टरांना काय सांगणार.

मग एक दिवस मी मासळी आणायला मागच्या गल्लीत गेले. तिथे कोपऱ्यावर एक पिंपळ आहे. त्याच्या पाराखाली लोक घरातले जुने देव आणून ठेवतात. काच फुटलेल्या तसबिरी, हात तुटलेल्या मूर्ती, रंग गेलेले देव्हारे. घरात ठेवता येत नाहीत आणि कचऱ्यात टाकता येत नाहीत, म्हणून पिंपळाखाली. मुंबईत कुठल्याही गल्लीत बघा. मी बोंबील निवडत होते आणि सहज मान वर केली तर त्या ढिगाऱ्यातून आमचा बुद्ध माझ्याकडे टक्क बघत होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एका फुटक्या तसबिरीला टेकवून ठेवलेला. एका बोटाचा टवका उडालेला. कपाळावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात नारळाची वाटी!

"हा इथं कसा आला?" मी ओरडलेच.

मासळीवाली वरळीच्या कोळीवाड्यातली, आईच्या वेळची ओळख. ती म्हणाली, "ताय, तुमच्याच बिल्डिंगचा टेम्पो आला होता. दोन पोरं उतरवून गेली. मी म्हटलं, देव उघड्यावर बसलाय, कुनी बघनारा नाय. मीच सकाळी पानी शिंपडते, माळ घालते. चुकलं का काय?"

मी काय सांगणार तिला, चुकलं म्हणून? हळदकुंकू आमच्यात चालत नाही, नारळ तर मुळीच नाही, हे सगळं सोडून तर आम्ही बाहेर पडलो. पण आमच्या बुद्धाला त्या रस्त्यावर रोज फूल घालणारी ती एकटी होती. आमची कमिटी, आमचे अध्यक्ष, आमचा एसी हॉल, शिस्त लागलेली सगळी माणसं एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला. "नाही गं, काही चुकलं नाही," म्हटलं आणि मासळी न घेताच घरी आले.

भाऊ ऑफिसातून येईपर्यंत मी त्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. वहिनीनं चहा दिला, तो तसाच गार झाला.

"पिंपळाखाली?" मी विचारलं. "कचऱ्यात?"

तो दचकला, पण सावरला लगेच. "कचऱ्यात नाही, ताई. काय करणार होतो सांग ना? आपल्यात विसर्जन नाही. फोडायची म्हटलं तर कुणाची हिंमत आहे? स्टोअरमध्ये जागा नाही. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणाला, सगळे तिथेच ठेवतात." आणि मग त्यानं जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आणि तसं बघितलं तर बुद्ध पिंपळाखालीच शोभतो ना? ज्ञान तिथंच मिळालं होतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी उठले. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते, की वडिलांनी ज्या मूर्तीसाठी चपला झिजवल्या ती तू टेम्पोत घालून फेकलीस आणि वर मला बोधिवृक्ष शिकवतोस, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं. त्याची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ऐकू दे.

आपलेच दात, आपलेच ओठ. परका असता तर मी मोर्चा काढला असता. आईला सांगावं की नाही, या विचारात ती रात्र गेली. सकाळी सांगितलं. मला वाटलं रडेल. ती उठली आणि म्हणाली, "फुलं आहेत का घरात?" फुलं नव्हती. कोपऱ्यावरच्या बाईकडून चार चाफ्याची घेतली आणि आमच्या भागात रिक्षा चालत नाहीत म्हणून टॅक्सी करून, एवढ्याशा अंतरासाठी ड्रायव्हरच्या शिव्या खात, आम्ही मागच्या गल्लीत गेलो.

आई मूर्तीसमोर मासळीवालीच्या उलट्या टोपलीवर बसली. पदराचं टोक ओलं केलं आणि बुद्धाच्या कपाळावरचं कुंकू हलक्या हातानं पुसायला लागली. मासळीवाली ओशाळली.

"आमच्यात लावत नाहीत गं," आई म्हणाली.

"मला काय ठाव, आजी. म्हटलं कपाल मोकलं बरं दिसत नाय."

"माझं पण मोकळंच आहे की."

दोघी हसल्या. कितीतरी आठवड्यांनी आई हसली होती. मग तिनं चाफ्याची फुलं एकेक करून तळव्यावर ठेवली, दोन बोटं टेकवली, कपाळाला लावली आणि तिथेच, रस्त्यावर, मासळीच्या वासात, हॉर्नच्या आवाजात वंदना म्हटली. एक डिलिव्हरीवाला बाइक थांबवून बघत राहिला.

मग हे रोजचं झालं. चाळीतल्या जुन्या बायकांना कळलं तशी एक आली, मग आणखी दोघी आल्या. कुणी मेणबत्ती आणली. तिथे भोंगा वाजत नव्हता. आठवडाभरात ही गोष्ट कमिटीच्या कानावर गेली आणि तेव्हा कुठे त्यांना लाज वाटली. मूर्ती फेकताना वाटली नाही, लोकांनी बघितल्यावर वाटली! फूटपाथवर आपल्या बायका बसतात, बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील, फोटो कुणी टाकला तर? भावाला धाडलं. ऑफिसचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, असा तो सकाळी पिंपळाखाली हजर.

"आई, चल घरी. उन्हात काय बसतेस? कमिटीनं ठरवलंय, मूर्ती आपण परत आणू, पंपाच्या खोलीत नीट ठेवू. आणि तू विहारात ये. रोज ये. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुझ्यासाठी. फक्त फूल तेवढं बाहेर ताटात ठेव. सेवक आत नेऊन वाहील, मी स्वतः लक्ष घालीन."

मी तोंड उघडणार होते. आईनं हातानं मला गप्प केलं. हातात एक फूल राहिलं होतं तिच्या.

"तुला मी कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या ताईला पण नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. गावात होतो तेव्हा, धर्म बदलायच्या आधी. माझा धाकटा भाऊ तापानं पडलेला. बाबा मला घेऊन देवळाकडे गेले. देवळाकडे म्हणजे देवळापासून लांब, आमची जागा होती तिथवर. बाबांनी मला फुलं दिली आणि म्हणाले, सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून ये. मी गेले. गुरव आला. म्हणाला, तिथंच ठेव, बाहेर, पायरीवर. मी आत नेऊन वाहीन. मी ठेवली. त्यानं तांब्यातलं पाणी फुलांवर मारलं, मग उचलली. वाहिली का फेकली, मला काय माहीत? मला दिसलं कुठं? भाऊ गेला माझा. मला वाटायचं, फुलं पोचलीच नसतील."

गल्लीत गाड्या चालूच होत्या. मासळीवालीचा कोयता थांबला होता.

"मग आम्ही इकडे आलो, बुद्धाकडे आलो. तुझ्या बापानं ही मूर्ती आणली त्या दिवशी मला म्हणाला, जा, ठेव फूल. मी विचारलं, कुठं ठेवू? तो म्हणाला, कुठं म्हणजे? पायावर ठेव. मला हात लावायला भीती वाटली होती, खरं सांगते. त्यानं माझा हात धरून लावला." आई थांबली. दम लागला होता तिला. "फूल बाहेर ठेव, मी आत नेऊन वाहीन. हे मला आयुष्यात दोनदा सांगितलं. एकदा त्या गुरवानं सांगितलं. एकदा माझ्या पोटच्या पोरानं."

भावाचा चेहरा मी बघितला नाही. मला बघवला नाही. तो खाली वाकला, पँटच्या खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक लहान चावी सोडवायला लागला. कडी निघेना.

"ही घे," तो म्हणाला. "काचेची. तुझ्याकडेच ठेव. तू कधीही जा, उघड, तुझ्या हातानं वाहा. कुणी काही बोलणार नाही, मी बघतो."

आईनं चावी घेतली नाही.

"त्या गुरवानं तेव्हा म्हटलं असतं, की ये, तुला एकटीला सोडतो आत, तर माझ्या बापानं मला जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली. "मला चावी नको. कुलूप काढ."

भाऊ चावी घेऊन गेला. मी मनात म्हटलं, झालं, आता मीटिंग लावतील, ठराव करतील, उपसमिती नेमतील. एवढी वर्षं ऑफिसात काढली आहेत मी, मला काय शिकवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, आधी खाली विहारात जाऊ. मी म्हटलं, कशाला अपमान करून घ्यायला? ती म्हणाली, "बघू तर." गेलो. पितळेचे खांब भिंतीशी गोळा करून ठेवले होते, दोरी त्यांच्यावर गुंडाळलेली. ताट नव्हतं, पाटी नव्हती, तिच्या जागी स्क्रूची भोकं होती. काचेचं दार एका बाजूला पूर्ण सरकवलेलं. भाऊ ऑफिसला न जाता फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. मोबाइल शेजारी पालथा पडला होता आणि एकसारखा थरथरत होता. अध्यक्षांचा असणार. तो उचलत नव्हता.

आई चालत चालत मूर्तीपर्यंत गेली. कुणी अडवायला नव्हतं तरी एकदा थांबली. त्या संगमरवरी चेहऱ्याकडे तिनं बराच वेळ बघितलं.

"याचं काही चुकलं नाही," ती म्हणाली आणि त्याच्या तळव्यावर एक फूल ठेवलं. दोन बोटं टेकवली. कपाळाला लावली.

मग बाकीची फुलं पदरात घेऊन ती भावासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "चार माणसं बोलाव. तो तिकडे उन्हात बसलाय."